बी राखणारी माणसं

माझी मोठी बहीण, अक्का, साडेतीन फुटांवर वाढायची थांबली. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान. सहाव्या वर्षी मी तिच्या उंचीला आले आणि दहाव्या वर्षी तिच्या डोक्यावरून हात नेऊन फळीवरचा डबा काढला. त्या दिवशी ती ओट्यावर जाऊन बसली. डॉक्टरांनी तिच्या हाडांच्या दुखण्याचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं. आईला ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही.

आमचं गाव ब्राह्मणपुरी. एका वर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत एका तंबूवाल्याने वडिलांना बाजूला घेतलं आणि ही पोरगी आमच्या खेळात द्या, जन्मभर सांभाळू, असं सांगितलं. वडील आम्हा दोघींचे हात धरून तडक निघाले. घोडे बघायचे राहूनच गेले. पुढे यात्रेचा विषय घरात कुणी काढला नाही, अक्कानेही नाही.

दिवाळी झाली की कापूस वेचायला तोरणमाळकडच्या बाया आमच्या शेतावर येत. त्यांच्यात एक वयस्कर बाई होती. तिला सगळे मावशी म्हणत. घरी ती पावरी बोलायची, आमच्याशी मोडकी अहिराणी. एका दुपारी ती भाकर घेऊन बांधावर अक्काजवळ येऊन बसली आणि तू कुठून आलीस हे तुला कुणी सांगितलं नाही का, असं विचारू लागली. अक्काला वाटलं, ही चेष्टा करते. पण मावशी गंभीर होती.

तिने सांगितलं ते असं. धरती ओली होती तेव्हाची माणसं बुटकीच होती, कारण झाडंही तेवढीच होती. मग झाडं वाढली, त्यांच्याबरोबर माणसं वाढली. फक्त काही जण मुळांच्या ढोलीत बी राखत बसले होते. बी रुजेपर्यंत उठायचं नाही, असं त्यांना सांगितलेलं. ते उठले नाहीत, म्हणून वाढले नाहीत. अजून ते डोंगरात आहेत. जमिनीला कान लावला की त्यांना दाणा फुटलेला ऐकू येतो. खोटं त्यांना बोलता येत नाही. आणि उंच माणसं बियाण्याला कशी वागवतात हे बघायला ते कधीमधी आपलं एखादं मूल उंच माणसांच्या घरी पाठवतात.

अक्का तेव्हा सोळा वर्षांची होती. गोष्टींवर विश्वास ठेवायचं वय नव्हतं ते. तरी दुसऱ्या दिवशी तिने आईकडून घरातलं बियाणं मागून घेतलं. भेंडी, वाल, मिरची, दादर ज्वारीची कणसं. सगळं निवडायचं, वाळवायचं, राखेत घालून मडक्यात ठेवायचं. दहा वर्षांत गावातल्या बाया पेरणीआधी तिच्याकडे येऊ लागल्या. ज्या तिला पाहून पदराआड हसायच्या त्याच ओट्यावर बसून, औंदा काय लावू, असं तिला विचारायच्या. मावशी दर हंगामात यायची आणि दोघी बांधावर बसून त्या माणसांविषयी बोलत राहायच्या.

मग मावशी यायची बंद झाली. तीन वर्षं वाट बघून अक्काने मला, तिच्या गावी ने, असं सांगितलं. मी नंदुरबारला नोकरीला होते. आज नेते, उद्या नेते करत मी आणखी दोन वर्षं घालवली. शेवटी गेलो तेव्हा मोहाची फुलं पडत होती. अक्काला दम लागायला लागला होता. पाड्याची वाट उताराची, म्हणून ती घाटरस्त्यावर जीपमध्येच थांबली आणि मी एकटी खाली गेले.

मावशी वारली होती. तिची मुलगी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी तिला त्या बुटक्या माणसांविषयी विचारलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"आमच्यात अशी गोष्ट नाही, बाई," ती म्हणाली. "ती आईने केलेली. माझी मोठी बहीण वाढली नव्हती. आई तिला सांगायची. नऊ वर्षांची असताना वारली ती."

मी वर आले. अक्का खिडकीतून वाटेकडेच बघत होती. मी सांगितलं, मावशी गेली, पण पाड्यात सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक आहे. ती माणसं अजून आत डोंगरात आहेत म्हणतात. अक्का माझ्याकडे वळली.

"तुले खोटं बोलता येस," ती म्हणाली. "तू उंच शे ना."

ती हसली, म्हणून मीही हसले.

त्याच वर्षीच्या थंडीत ती गेली. श्वास पुरेना. तिरडी बांधणाऱ्यांनी सवयीने बांबू नेहमीच्या मापाचेच तोडले होते आणि तिच्या पायांखालची अर्धी तिरडी मोकळीच राहिली. माझ्या चुलतभावाने तिथे फुलं पसरली, तेवढंच.

गोष्ट मोडू नये म्हणून मी खोटं बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण आता वाटतं, अक्काला गोष्टीतली माणसं नको होती. आपल्यासारखी एक मुलगी खरोखर होती, तिच्या आईने तिला जवळ घेऊन हेच सगळं सांगितलं होतं, आणि तेच मग आपल्याला मिळालं, हे तिला कळायला हवं होतं. जन्मभर तिला तिच्यासारखं कुणी भेटलं नाही. एकीची बातमी माझ्या हातात होती आणि मी ती दिली नाही.

गेल्या वर्षी मी पुन्हा पाड्यावर गेले. मावशीच्या मुलीला अक्काचं सगळं सांगितलं. तिने मला उतारावरच्या एका शेतापाशी नेलं. तिच्या बहिणीला तिथे कुठेतरी पुरलं होतं. नेमकी जागा तिलाही आठवत नव्हती. उभ्या पिकात आम्ही थोडा वेळ शोधलं, मग ती म्हणाली, ऊन फार झालं, घरी चला.