आप्पांचं बक्षीस

आप्पा गेले त्या दिवशी मला काहीच झालं नाही. रडू नाही, आवंढा नाही, काही नाही. अंगणात ठेवलेल्या वडलांच्या कपाळावर मी हात ठेवला, तर बोटांना धड गारही लागेना. वीस वर्षं बास गिटारच्या जाड तारा दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. म्हटलं, त्यामुळंच असेल. माणूस स्वतःची काहीही समजूत घालतो.

आप्पा दिवसा कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत हेल्पर होते आणि सुट्टीला, पाबळकडच्या आमच्या गावात, भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटीवर. पार्टीचा एक रिवाज आहे. गाणं मनाला भिडलं की ऐकणारा चालू गाण्यात उठतो, स्टेजपाशी जातो, बक्षीस म्हणून नोट पुढं करतो. गायक थांबतो, नोट घेतो, देणाऱ्याचं नाव गावासकट माईकवर पुकारतो, जय भीम म्हणतो आणि पुन्हा तीच ओळ उचलतो. दहाची नोट असली तरी नाव पुकारायचंच. ती घेतली नाही तर चारचौघांत माणसाचा अपमान होतो.

मी बास शिकलो दौंडला. कॉलेजसाठी तिथं राहायचो, तेव्हा एका रिटायर्ड रेल्वे गार्डनं चर्चमधली गिटार माझ्या हातात दिली. मग शिरूरच्या ऑर्केस्ट्रात हळदीचे कार्यक्रम केले, मग पुणं, मग जॅझ फ्यूजन. म्हणजे तबला, ड्रम, सॅक्सोफोन आणि मी. अडनिड्या मात्रांचे ताल आणि डोळे मिटून ऐकणारी माणसं. आप्पा रेकॉर्डिंग ऐकून विचारायचे, "ह्यात तुझं कंचं वाजतंय?" मी वैतागायचो. "ते खालचं, जाड वाजतंय ना, ते!"

"आसं व्हय," म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचे.

एकदा मीच हौसेनं त्यांना पुण्याच्या कार्यक्रमाला बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. माझा सोलो आला. बाकीचे थांबले, मी एकटा वाजवतोय, हॉल चिडीचूप. आणि आप्पा उठले. स्टेजपाशी आले, चपला काढल्या आणि नोट धरून हात वर केला.

मला दिसलं. चांगलं दिसलं. मी मान खाली घालून तारांकडं बघत राहिलो. मागं कुणीतरी फिसकन हसलं. आप्पा हात तसाच धरून उभे, कारण पार्टीत असंच थांबतात, ओळ पुरी होईपर्यंत. माझी ओळ काही पुरी होईना. शेवटी हॉलवरच्या एका माणसानं त्यांना दंडाला धरून जागेवर नेलं.

नंतर सॅक्सोफोनवाल्यानं विचारलं, "कोण होते रे ते?"

"गावाकडचे आहेत," मी म्हणालो. लाज वाटली ती त्यांची. स्वतःची वाटायला हवी होती, ती वाटली नाही. एसटीत बसताना आप्पा एवढंच म्हणाले, "चांगलं वाजिवलंस." पुन्हा ते कधी आले नाहीत आणि मीही बोलावलं नाही.

आप्पांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सकाळी मंडपात वंदना झाली आणि पार्टी गायला बसली. आप्पांच्या पेटीवर दुसरंच कुणीतरी. आई म्हणाली, तूपण तुझी गिटार वाजव. वाजवलं. हात आपोआप चालत होते, आत काही हलत नव्हतं. दोन गाणी झाली. पार्टीतले एक म्हातारे गायक आहेत, त्यांना मी मामा म्हणतो. त्यांनी माईक हातात घेतला.

"ह्येचा बाप आमाला कवाधरनं सांगायचा," मामा म्हणाले. "म्हनं, पुण्यात येवढा मोठा हॉल, पोरगं येकटं वाजवतंय, आन् म्या बक्षीस घिऊन गेलो. तर पोरानं वाजवायचं थांबिवलं, नोट कपाळाला लावली आन् माईकवर बापाचं नाव पुकारलं! समदा हॉल टाळ्या वाजवाया लागला. लई डाव सांगितलं, आमाला पाठ झालंय."

मंडपात टाळ्या पडल्या. मामांनी माईक माझ्यापुढं धरला. "तवा कसं पुकारलंस, तसंच पुकार आज."

खोटं आहे ते, असं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात समोर बसलेली आई उठली. पिशवीतनं नोट काढली आणि स्टेजपाशी येऊन हात वर केला, अगदी आप्पांसारखा. मी माईक बाजूला घेऊन खाली वाकलो.

"मला ठावं हाय," ती हळूच म्हणाली. "घेतलं न्हवतंस. आता घे. त्यांच्या नावची हाय."

मी घेतली. कपाळाला लावली. आप्पांचं नाव पुकारलं, त्यांच्या वडलांच्या नावासकट, गावासकट. मधेच आवाज चिरकला, तो सगळ्या मंडपानं स्पीकरवर ऐकला. कसंबसं जय भीम म्हटलं. मामांनी ओळ उचलली, पार्टीनं उचलली. माझी बोटं परत तारांवर आली, पण ती चालेनात.