रिकामा झोपाळा

रंकाळ्याच्या बागेत रोज संध्याकाळी एक रिटायर झालेले सर भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही. तेही मला अजून ‘पावणं’च म्हणतात. फेऱ्या झाल्या की ते मुलांचा रिकामा झोपाळा ढकलत उभे राहतात. मला आधी वाटलं, डोकं फिरलंय.

“लेक नॉर्वेत हाय माझी,” एकदा तेच म्हणाले. “तिकडं आभाळात हिरवा उजेड नाचतो, त्यावर काम करती. तिथं वरच्या हवेतले विद्युतभारित कण गोल गोल फिरत असतात. विद्युतचुंबकीय लाटांनी त्यांना असा ठेक्यात धक्का दिला, की तापतात, वेग घेतात.” झोपाळा पार वर गेला.

“मग?”

“मग आणखी वर. काही तर पृथ्वी सोडून जातात की.”

“परत?”

“ते न्हाय येत.”

मी उगाच विचारलं, “लेक येणार का दिवाळीला?”

त्यांचा एक धक्का चुकला. “शीक म्हणून मीच मागं लागलोतो, पावणं.”

निघताना त्यांनी झोपाळा दोन्ही हातांनी हळूच थांबवला. कुणी लहान पोर उतरणार असावं, तसा.