आबाजींचा दोरा

आमच्या बाबांनी वलगावातल्या दोन पिढ्यांच्या पोरांचे दुधाचे दात काढले. ते डॉक्टर-बिक्टर काही नाहीत, आधीच सांगून ठेवते. वामनराव फुलवाले म्हणून गाव त्यांना ओळखतं. शेवंती आणि झेंडू लावायचा, उजाडता उजाडता तोडायचा, अमरावतीच्या बाजारात न्यायचा आणि उरलेल्या फुलांचे हार दुपारी ओट्यावर बसून गुंफायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा. हारांचा पांढरा दोरा कायम त्यांच्या हाताशी असायचा, आणि त्याच दोऱ्यानं दात निघायचा.

दात हलायला लागला की गल्लीतलं पोट्टं आपणहून आमच्या ओट्यावर यायचं, नाहीतर त्याची माय त्याला बखोटीला धरून आणायची. बाबा त्याच्या हातात एक झेंडूचं फूल द्यायचे. दाताला दोरा बांधायचे, फास आवळायचे आणि कोर्टातल्या वकिलासारखा चेहरा करून विचारायचे, "आज भाजी कायची व्हती?" पोट्टं "वां..." म्हणायला तोंड उघडायचं, तोवर दात दोऱ्याला लटकलेला! रडावं की वांग्याचं नाव पुरं करावं, हेच त्याला कळायचं नाही. मग तो दात पत्र्यावर फेकायचा. उंदीर तो नेतो आणि त्याच्या बदल्यात नवा देतो म्हणे. पत्र्यावर टण्णकन वाजलं की ओट्यावरचे सगळे हसायचे. माझेही दात असेच निघाले. मी एकदा बाबांच्या बोटाला कडकडून चावले होते; माझा स्वभाव तेव्हापासून असाच आहे.

अपेक्षा ही माझ्या भावाची, योगेशची, एकुलती एक पोरगी. आठवीत आहे. आबाजी, म्हणजे आमचे बाबा, तिचा जीव की प्राण, आणि आबाजींचंही तसंच. बाजारातून येताना तिच्यासाठी चिंच-बोरं काहीतरी आणल्याशिवाय बाबा घरात पाय ठेवत नसत. पण या पोरीचे वरचे दोन्ही सुळे हिरडीत पार उंच निघाले आणि खालचे समोरचे दात एकमेकांवर चढून बसले. आमच्या घराण्यात सगळ्यांची तोंडं एवढी मोठी, हिचाच जबडा लहान कसा निघाला, असं मी तिला चिडवायची. ती हसायची, पण तोंडावर हात ठेवून. मावशीच्या लग्नाचे फोटो आले, तर बाईसाहेब प्रत्येक फोटोत तोंडावर हात ठेवून उभ्या. मोनालीनं, म्हणजे तिच्या आईनं, ते फोटो मला दाखवले आणि पदर डोळ्याला लावला.

अमरावतीच्या दाताच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, तारा लावता येतील, पण त्याआधी चार दात काढावे लागतील. चांगले दात. घरी येऊन योगेशनं हे सांगितलं मात्र, बाबांनी हातातला हार खाली टाकला.

"किडले नाईत, हलून नाई राहिले. धडधाकट दात कावून काढाचे? दुधाचा दात पत्र्यावर फेकला त नवा येते. हा कुठी फेकाचा? याच्या जागी कोण आणून देईन?"

योगेश मान खाली घालून बसला. चाळिशीचा झाला, पण बापासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. मोनालीनं मला फोन केला. मी अकोल्याला राहते, अंगणवाडी चालवते, दिवसभर पोरांना रडू न देता बसवते, तेव्हा मला बोलायची भीती नाही. मी म्हटलं, भांडत बसण्यापेक्षा पोरीला इकडं आणा, आपण दुसऱ्या डॉक्टरला विचारू. बडनेऱ्याहून गाडीत बसून सगळे आले. बाबाही आले, धुतलेला सदरा आणि टोपी घालून. "तिच्या तोंडाले कोण हात लावते, थे मले पाह्यचं आहे," म्हणाले.

अकोल्याच्या डॉक्टर रागिणी मॅडम शांत बाई. मोनालीनं अमरावतीचा एक्सरे आणि दातांचा प्लास्टरचा साचा सोबत आणला होता. मॅडमनी आधी अपेक्षाशी गप्पा मारल्या, तिचं तोंड नीट पाहिलं आणि मग तो साचा बाबांच्या समोर ठेवून जागा किती आणि दात किती ते बोटानं दाखवलं.

"न काढता तारा लावता येत नाहीत का?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"येतात," त्या म्हणाल्या. "पण मग सगळे दात पुढे ढकलावे लागतील. हिचे ओठ आत्ताच ओढून मिटवावे लागतात, मग ते मिटणारच नाहीत, आणि पुढची हिरडी पातळ आहे, ती खाली उतरू शकते. बऱ्याच मुलांचे दात मी काढत नाही. हिचे काढावेत असं माझं मत आहे. तुम्हाला नको असेल तर घाई नाही, विचार करा."

बाबा साचा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहत होते. त्यांना ते पटत चाललं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"आमी गाजराची विरळणी करतो," ते म्हणाले. "लै दाट झाली का मधातली उपटाची, बाकीच्याईले जागा होते. हे समजते मले. पण जागा त म्या तवाच केली व्हती."

"कधी?" मॅडमनी विचारलं.

"पोट्टी दुसरीत-तिसरीत असन. समोरचे मोठे दात वाकडे येऊन राहिले व्हते. बाजूचे दुधाचे सुळे त्याईले अडून बसले व्हते. जराशेच हलत. म्या तिले म्हटलं, जिभीनं हलवत राह्य. मंग दोरा लावला अन् चारी काढले. समोरचे दात कसे सरळ झाले! साऱ्या गल्लीनं पाह्यलं."

हे सांगताना त्यांच्या तोंडावर अजून तेव्हाचा आनंद होता. मॅडम खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसल्या.

"काका, समोरचे दात सरळ झाले, ते सुळ्यांच्या जागेत सरकून. नंतर खरे सुळे आले, तेव्हा त्यांना जागाच उरली नव्हती. म्हणून वरचे उंच चढले, आणि खालच्यांनी समोरच्या दातांना पुन्हा दाटीत ढकललं."

"सरकले? आमच्या वाफ्यातलं गाजर त सरकत नाई."

"दात सरकतात. सरकतात म्हणूनच तर तारेनं हलवता येतात."

बाबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "म्हंजे म्या केलं हे."

"तसं म्हणता येणार नाही. हिचा जबडा लहानच आहे. तुम्ही हात लावला नसता तरी कदाचित आज मी हेच सांगितलं असतं. किती तुमच्यामुळं आणि किती जन्माचं, हे आता कोणालाच सांगता यायचं नाही."

मला त्या बाईचा असा राग आला म्हणून सांगू! अगं, म्हाताऱ्या माणसासमोर थोडं खोटं बोलली असतीस तर तुझी डिग्री काय परत घेतली असती का कोणी? सरळ म्हणायचं, नाही हो काका, तुमचा काही संबंध नाही. पण बाबा टोपीकडं बघत बसले होते, आणि खोटं बोललेलं त्यांना कळलंच असतं. आयुष्यभर बाजारात बसलेला माणूस आहे तो.

स्टेशनवर गाडीत बसल्या बसल्या त्यांनी निकाल देऊन टाकला. "एकडाव जागा कराले गेलो, त हे झालं. आता पुन्यांदा तिच्या तोंडाले हात लागू द्याचा नाई. आहे तशी राहू द्या पोट्टीले." योगेशनं मान डोलावली. मोनाली खिडकीबाहेर पाहत बसली. अपेक्षाला तर कोणी विचारलंच नाही.

त्यानंतर बाबांनी दोऱ्याला हात लावला तो फक्त हारांपुरता. गल्लीतल्या बाया पोरांना घेऊन आल्या की म्हणायचे, डॉक्टरकडे न्या. बाया हसायच्या, त्यांना वाटायचं थट्टा आहे. बाबा आत निघून जायचे. आणि अपेक्षाच्या तोंडाकडं पाहणं त्यांनी सोडलं. चिंचा आणायचे, तिच्या हातात द्यायचे, पण नजर जमिनीवर. ती पोरगी तरी कोणाची! ती आईला म्हणाली, मले दात काढाचे आहेत, पण आबाजी हो म्हणतीन तवाच मी खुर्चीत बसीन. तोवर तारा नाई अन् काही नाई. मोनाली फोनवर रडली. बाबांना ती मामाजी म्हणते. "ताई, तुमीच सांगा मामाजीले. माह्यं ऐकत नाईत, अन् तुमचे भाऊ त तोंड उघडत नाईत."

दसऱ्याच्या तोंडावर मी माहेरी गेले. त्या दिवसांत आमच्या घरी झेंडूचे ढीग असतात, चालायला जागा नसते, जो येईल त्यानं तोडायला नाहीतर गुंफायला बसायचं. ओट्यावर बाबांच्या समोर बसले आणि बोलले एकदाचं. "बाबा, चुकलं असन तुमच्या हातून. नसन बी. पण ते तुमचं तुमच्यापाशी ठेवा ना! पोट्टीच्या तोंडात कावून ठेवून राहिले?" आई फुलांतून वर बघून मला म्हणाली, "सत्या, तोंड सांभाळ." बाबांनी हार पुरा केला, गाठ मारली आणि वावराकडं निघून गेले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस माझ्याशीही बोलायचा नाही. वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तोडीला होतो. बाबा आणि अपेक्षा एका ओळीत, मी बाजूच्या. दव होतं, ओचे भिजले होते. खुडता खुडता अपेक्षा म्हणाली,

"आबाजी, तुमी दोरा लावला तवा मले दुखलं नव्हतं."

बाबा खुडतच राहिले. "दुखलं असतं त बरं झालं असतं वं. तू रडली असती, त म्या थांबलो असतो."

"मी कायले रडीन? तुमी व्हते ना समोर."

बाबांचा हात थांबला. मी आपली खाली मान घालून तीच ती फुलं चाचपत होते.

"मी रागावली नाई तुमच्यावर," ती म्हणाली. "पण तुमी माह्याकडे पाहतच नाई. मले वाटते, माह्यं तोंड लैच खराब दिसते, म्हणून आबाजी बी पाहत नाईत."

बाबांनी धोतराच्या ओच्यातली फुलं सरीत सांडली. दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि पाहिलं. तिचा हात सवयीनं ओठांवर गेला होता, तो त्यांनी बाजूला केला. किती वेळ पाहत होते कोण जाणे. मला तर रडू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला.

"चाल," ते म्हणाले. "काढू. पण त्या अकोल्याच्या बाईकडेच. थे खोटं नाई बोलत. अन् मी आत येईन, बाहेर नाई बसणार."

तारा अमरावतीलाच लावायच्या असं ठरलं, कारण दर महिन्याला अकोल्याला कोण येणार. दात काढायला मात्र दिवाळीच्या सुट्टीत सगळे माझ्याकडे आले. एका बाजूचे दोन त्या दिवशी, दुसऱ्या बाजूचे पुढच्या खेपेला. निघायच्या आधी मी ताटं वाढली होती. बाबा पाटावर बसले होते, एवढं मला आठवतं. नंतर मी पोरीच्या वेणीफणीत गुंतले.

आत मॅडमनी सुई दिली. ओठ जड झाल्यावर बाबांना खुर्चीच्या पायाशी उभं केलं. "काका, तिच्याशी बोलत राहा. तुम्हाला सवय आहे म्हणे," त्या म्हणाल्या. बाबांनी तिच्या पायाचा अंगठा धरला. काय विचारायचं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मॅडमनी चिमटा लावला, मनगट फिरवलं, आणि पहिला दात ट्रेमध्ये पडला. तो आवाज फार लहान होता, पण बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि गालांवरून पाणी वाहू लागलं. या माणसाला मी आजीच्या मयतीतही रडताना पाहिलं नव्हतं.

मॅडमनी कापसाची घडी ठेवली आणि थोडं थांबल्या. अपेक्षानं मान उचलून आबाजींकडं पाहिलं. तोंडात कापूस, अर्धा ओठ बधिर, लाळ गळत होती. तरी ती बोलली, आणि बोबडं असलं तरी खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं.

"आबाजी, आज भाजी कायची व्हती?"

बाबांनी डोळे उघडले. उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"खाल्ली नाई वं माय," ते म्हणाले. "घासच उतरला नाई."

"मंग संग जेवू," ती म्हणाली. कापूस स्वतःच्या हातानं काढून मॅडमकडं दिला, आणि दुसऱ्या दातासाठी आपणहून तोंड उघडलं.