खिशातला कांदा

गाडीनं शिट्टी दिली तरी आई माझ्या कोटाच्या खिशाशी झटतच होती. नागपूर स्टेशन, मे महिना, आणि माझ्या अंगात लोकरीचा कोट! ऑस्ट्रेलियात तेव्हा थंडी असते असं कळलं होतं आणि कोट पेटीत मावत नव्हता, म्हणून अंगावर चढवलेला. घामानं जीव चाललेला, आणि आई त्या कोटात कांदा कोंबत होती, पोराला उन्हाची लू लागू नये म्हणून. उन्हाळ्यात बिनकांद्याचं घराबाहेर पडणाऱ्याला आपल्याकडे येडा म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. बाबा खिडकीशी उभे होते. सगळं आयुष्य हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात गेलेलं, त्यामुळे बोलायची सवय कमीच. ते एवढंच म्हणाले, "उन्हाच्या नादी नको लागू गा."

थंडीच्या देशाला निघालेल्या माणसाला हा कसला सल्ला, म्हणून मी हसलो. कांदा मुंबईच्या विमानतळाबाहेर फेकून दिला.

मी नोकरीसाठी गेलो असं तुम्ही नागपूरची मंडळी अजून समजता. नोकरी होतीच, जिलाँगच्या एका लोकरीच्या गिरणीत. पण खरं सांगतो, मी धावायला गेलो. नागपूरबाहेर हुडकेश्वरकडे तेव्हा नुसती शेतं होती. त्या कच्च्या रस्त्यावर पहाटे पहाटे मी कितीदा गेलो-आलो असेन, देव जाणे. विद्यापीठात लांब पल्ल्याच्या शर्यतीत दरवर्षी पहिला मी, आणि पुढच्या शिबिराला दरवर्षी नाव दुसऱ्याचंच. काहून म्हणून विचारायला गेलं की साहेब जेवायला गेलेले. घरी बाबा म्हणायचे, "धावून पोट भरते का?" चिडून चिडून शेवटी देशच सोडला.

जिलाँगला धावणाऱ्यांचा एक क्लब होता. केन नावाचा निवृत्त पोस्टमन तिथला कोच. सगळ्यांना 'मेट' म्हणायचा, मलाही. गिरणीतली शिफ्ट सुटली की मेंढ्यांच्या कुरणांतून, चिखलातून, बर्फासारख्या पावसातून आम्ही पळायचो. पहिल्या हिवाळ्यात मी सगळ्यांच्या मागे असायचो. हळूहळू मधे आलो, मग पुढे. राज्याच्या संघात गेलो. राष्ट्रीय शर्यतीत एकदा दुसरा आलो तेव्हा वाटलं, आता नाव लागलंच. तर म्हणे, तुम्ही इथले नागरिक नाही! मग नागरिक होण्याची वाट पाहा. जुना पासपोर्ट देऊन टाकला त्या दिवशी घरी येऊन ओक्साबोक्शी रडलो. आणि नागरिक झालो तर टाच दुखावली. ती बरी होईस्तोवर माझ्यामागचे पोट्टे पुढे निघून गेले.

शेवटी एक मॅरेथॉन उरली. तिच्यातले पहिले तिघं देशाच्या संघात जाणार होते. माझं वय बघता ही शेवटचीच संधी, हे केनलाही माहीत होतं आणि मलाही.

शर्यतीच्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला. तिकडे तो वाळवंटावरून येतो. सकाळीच अंग भाजायला लागलं. बाकीच्यांचे चेहरे उतरले आणि केन मात्र खूश. "आजचा दिवस तुझा, मेट. हे तर तुझं घरचं हवामान!" मलाही ते पटलं बाप्पा! नागपूरचा माणूस मी, मला कोण ऊन दाखवतो? सुरुवातीपासूनच सुसाट सुटलो. बराच वेळ पुढे एकटाच होतो. मग पाय कुठे पडताहेत ते कळेना, घाम यायचा बंद झाला. जागा झालो तेव्हा एका झाडाखाली होतो आणि कोणीतरी मानेवर बर्फ चोळत होतं.

तिथे पडल्या पडल्या मनात आलं, अरे, नागपुरात मी उन्हात धावलो तरी कधी? सूर्य वर येईस्तोवर माझी आंघोळ झालेली असायची. दुपारी बाबा माग बंद करायचे, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. दाराला ओलं पोतं टांगायचं, दार लावायचं आणि सगळ्यांनी आडवं व्हायचं. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. सगळं गाव उन्हापासून लपायचं, आणि मी परदेशात उन्हाचा लेक म्हणून मिरवत होतो. त्यात इतक्या वर्षांत अंगही तिकडचं झालेलं, जरा ऊन तापलं की सावली शोधणारं.

मी जिंकलो की आपल्याकडचा पेपर 'नागपूरचा सुपुत्र' छापायचा. त्या वेळी छापलं, 'ऑस्ट्रेलियन धावपटू कोसळला'. तिकडच्या पेपरात मी 'भारतीय वंशाचा' झालो. लकडगंजच्या चुलतभावानं तर फोन करून हसत विचारलं, "नागपूरचा असून उन्हानं पडला काय बे?" फोन ठेवल्यावर मी भिंतीवर हात आपटला होता.

पुढच्या मे महिन्यात घरी आलो. डोक्यात राग तसाच होता. एका दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी बूट चढवले. आई उठलीच. स्वयंपाकघरातून कांदा घेऊन ती दारात येऊन उभी राहिली. "कुठं चालला?"

"धावाले. मले पाहाचं आहे, मले ऊन काहून लागलं."

"काहून म्हणजे? उन्हात गेला म्हणून लागलं. आपल्या घरचं कोणी गेलं का कधी दुपारचं?"

मी कडी काढली. बाहेरचा रस्ता पांढराफटक दिसत होता. मागून बाबांचा आवाज आला, "दार लाव. आत ये."

इतक्या वर्षांत सगळ्यांनी मला पुढे जा, पुढे जा म्हटलं होतं. आत ये असं कोणी म्हटलं नव्हतं. मी दार लावलं आणि बुटांसकट जमिनीवर पडलो. राग कुठे काढावा ते कळत नव्हतं, डोळे भरून आले होते. बाबा सरकत सरकत माझ्या पायांशी आले आणि लेसच्या गाठी सोडू लागले. जन्मभर तुटले धागे जोडलेली बोटं, अंधारातही त्यांना गाठ लगेच सापडली. धावण्याबद्दल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं.

"किती राहिलं होतं गा?"

"थोडंच."

"मंग पुढच्या वेळी पहाटेची शर्यत पाहाय."

पुढची वेळ नव्हती. ते मी त्यांना सांगितलं नाही, हो म्हटलं. बाबा आता नाहीत, आईही नाही, आणि मी अजून जिलाँगलाच आहे. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मला ना नागपूर आठवतं ना ऑस्ट्रेलिया. मला ते आतून लावलेलं दार आठवतं, ओल्या पोत्याचा वास आठवतो, आणि बूट काढलेले माझे पाय बाबांच्या मांडीवर.