ओळ सरते, नाव उरते

कॉलेजात हजेरीला माझ्या नावाच्या आम्ही चौघी होतो. सर माझं नाव घेऊन पुढे "तीन नंबर" म्हणायचे. बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली पदवी आणली, तरी मैत्रिणींसाठी मी तीन नंबरच राहिले. माझ्या हातून कोणाचं नाव ठेवलं गेलं तर ते दुसऱ्या कोणाचं नसेल, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

संधी भावाच्या मुलीनं दिली. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि तिला आत्या मी एकटीच. जुन्या वह्या काढल्या, शब्दकोश चाळला, चांगले आठ दिवस घेतले. सापडलं ते पाच अक्षरांचं, त्यात दोन जोडाक्षरं. अर्थ असा की भाऊ आणि वहिनी ऐकताक्षणी हो म्हणाले. नाव इथे लिहीत नाही. ते आता तिचं आहे, सांगायचं तेव्हा ती सांगेल.

आईचा विचार मात्र मी केलाच नव्हता.

आमच्या गावी, आंजीत, कोणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला माझ्या आईला बोलावणं येतं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण पाळणा तिच्यासारखा गावात कोणी म्हणत नाही. शेवटच्या ओळीत ती बाळाचं नाव गुंफते आणि बाया दोरी ओढतात. आजवर गावातलं प्रत्येक नाव त्या ओळीत बसलं. माझंही.

फोनवर नाव सांगितलं, तर तिनं ते दोनदा म्हटलं, बरोबर म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.

शनिवारी घरी गेले. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत गुणगुणत होती. नावापाशी आली की अडखळायची, पुन्हा सुरू करायची.

"माय, जमत नाई का?"

"ओळ सरते, नाव उरते."

"बदलवू का मंग?"

ती उसळली. "काऊन? ठेवाचा मान तुहा हाय का माहा? आजवर कोणाले म्हटलं का मी, नाव बदलवा म्हून?" मग दोन शेंगा सोलून हळूच म्हणाली, "पण तिकडं बोरगावले, सुनंच्या माहेरी, सारे मास्तर लोकं. त्यायच्यासमोर मी अटकली त तुले कसं वाटंल?"

मला कसं वाटेल! शिक्षण मिरवलं मी, आणि घोर लागला तिला. मी खाली बसले आणि शेंगा सोलू लागले. दुसरं काय करणार?

बाळाला सव्वा महिना झाला तेव्हा बोरगाव मेघेला, वहिनीच्या माहेरी बारसं झालं. मी बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे बायांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. एकीनं जरा जोरातच घातला. "हा एवढ्या लांब नावासाठी," म्हणाली. सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

तिनं पाळणा धरला. कडवी एकेक सरली. शेवटच्या ओळीत ती नावापर्यंत आली आणि तिसऱ्या अक्षरावर तिचा श्वास तुटला. दोरी थांबली. तिला आठवण द्यायला मी ओठ हलवले, तर तिनं हात वर केला.

"थांब वं."

डोळे मिटले. मग ओळीतले बाकीचे सगळे शब्द तिनं टाकून दिले. अंगाई नाही, आईबाप नाहीत, नुसतं नाव. पाच अक्षरं पूर्ण ओळभर पसरली. जोडाक्षरावर ती जरा रेंगाळली, उतारावर बैलबंडी सावरावी तशी. एक अक्षर, एक झोका. दोरी आपोआप हलू लागली.

विहीणबाई, म्हणजे वहिनीची आई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "ताई, ही ओळ पुन्हा म्हणता का? मी लिहून घेते."

"लिहून काय घेता, संगं म्हणा," आई म्हणाली.

आणि त्या खोलीभर बायांनी माझ्या भाचीचं नाव गायलं. दोनदा. जोडाक्षरासकट.

परतताना बसमध्ये आईच्या मांडीवर घुगऱ्यांची पुडी होती. मी दोन दाणे उचलले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या लेकराचं बी तुह्याच मनानं ठेवजो. फक्त मले महिनाभर आधी सांगजो."