हनीफची अर्धी राहिलेली संख्या

हनीफ गेल्याचा फोन भाभींनीच केला. मी लोणंदहून लगेच निघतो म्हणालो, तशा त्या जरा थांबून म्हणाल्या, "भाऊ, त्यांचा कॉम्प्युटर चालूच हाय... बंद करू का?" मी येईपर्यंत राहू द्या म्हणालो.

साताऱ्याला कॉलेजात गणित शिकताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. पुढे त्याने सांगलीत वडिलांचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान सांभाळलं आणि गणिताचा नाद सुटला असं आम्ही धरून चाललो. तो सुटला नव्हता. जगभरची हौशी माणसं घरच्या कॉम्प्युटरवर मोठाल्या मूळ संख्या शोधत असतात, त्यांच्यात हा सामील झाला होता. दोनला दोनने कोट्यवधी वेळा गुणायचं, एक वजा करायचा आणि उरलेली संख्या मूळ आहे का ते तपासायचं. एकेक संख्या ज्याच्या त्याच्या नावावर मिळे आणि तिला काही आठवडे लागत. कागदावर उतरवली असती तर एकीनेच कपाट भरलं असतं. गंमत म्हणजे ही चाचणी 'नाही' म्हणते, पण संख्येला कशाने भाग जातो ते सांगत नाही. मला हे चमत्कारिक वाटे, हनीफला तेच आवडायचं. इतक्या वर्षांत त्याला 'आहे' असं उत्तर एकदाही मिळालं नाही.

मी चिडवायचो, "सापडली तरी तिच्याहून मोठी असणारच की."

"असणारच. संपत न्हाईत त्या. पण ही आपल्याकडं आलीय न्हवं? मग आपणच बघाय पायजे, गड्या."

घेतलेली संख्या अर्धी टाकायची नाही, हा त्याचा नेम. पुराचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आधी कॉम्प्युटर माडीवर गेला, मग भाभींची शिलाई मशीन. हे भाभींनी त्याला कधी माफ केलं नाही. पंख्याची घरघर, विजेचं बिल, सगळ्यावर त्यांचा राग. थंडीत मात्र विरजण लावलेलं पातेलं त्या कॉम्प्युटरच्या पाठीमागेच ठेवायच्या. तिथल्या उबेला दही छान लागतं.

मी पोचलो तेव्हा संख्येची तपासणी निम्मी झाली होती. भाभी म्हणाल्या, "पुरी होऊ द्या. त्यांनी अर्धी टाकली नसती." शक्यता नगण्य आहे हे मला ठाऊक होतं. तरी या खेपेला ती मूळ निघावी असं मला फार वाटत होतं...

परवा पुन्हा गेलो, तेव्हा निकाल आलेला होता.

"काय म्हणतोय?" भाभींनी विचारलं.

"मूळ नाही."

"मग संपलं म्हणायचं."

"ती संख्या संपली. पण कॉम्प्युटरनं आपोआप पुढची घेतलीय. बंद करायचा तर आत्ताच करू."

"ही कुणाच्या नावावर हाय?"

"हनीफच्याच."

भाभी स्वयंपाकघरात गेल्या, दुधाला विरजण लावून पातेलं घेऊन आल्या, कॉम्प्युटरच्या पाठीमागे ठेवलं आणि त्यावर ताटली झाकली.