बायकोचा चौकोन
सून कॉम्प्युटरवर घरच्या कामांचा तक्ता करत होती. ती नुसती नावं आणि कुणाकडून कुणाकडं एवढंच लिहिते, चौकोन आणि बाण आपोआप उमटतात. माझी बायको जाऊन महिनाही झाला नव्हता. सुनेनं तिचा चौकोन पुसला, तर तो परत उगवला.

"बाबा, बाणांत आईंचं नाव आहे तोवर तो येतच राहणार."

माणसाला जाळायला लाकडं पुरतात. दुधाकडं, औषधांकडं, पाहुण्यांकडं गेलेले तिचे बाण कशानं जाळायचे?

"मग तेही पूस," मी म्हणालो.

तिनं पुसले. बायको गेली आणि माझा चौकोन कोपऱ्यात जाऊन पडला. माझा एकच बाण होता, तिच्याकडं जाणारा.

"अहो, बाबांना आता कुणाला जोडू?"

मुलानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "राहू दे गं सुटाच. पुढं पुसायला सोपा जाईल."